मनात राहिलेल्या प्रेमाची जपानी गाणी : गावात बसून ऐकायची, समजायची आणि गायची कशी

अ‍ॅनिमेचा, म्हणजे जपानी कार्टून मालिकेचा भाग संपताना पडद्यावर नावं सरकतात आणि मागे जे गाणं वाजतं, ते पूर्ण गाणं नसतं. ते दीड मिनिटात बसवलेलं, कापलेलं रूप असतं. जपानमध्ये त्याला ‘टीव्ही साइज’ म्हणतात. मूळ गाणं बहुधा चार ते साडेपाच मिनिटांचं असतं. एकतर्फी प्रेमाच्या गाण्यात या फरकाने सगळाच अर्थ बदलतो, कारण ‘मनातलं शेवटी सांगितलंच नाही’ ही कबुली बहुतेक वेळा शेवटच्या दीड मिनिटात येते. कापलेलं रूप ऐकून गाणं गोड, आनंदी वाटतं. पूर्ण ऐकलं की कळतं ते कशाबद्दल आहे.

म्हणून आधी पूर्ण गाणं मिळवा. शोधताना इंग्रजी अक्षरांत नाव टाकलं की निम्मे निकाल दुसऱ्याच कुणी गायलेले येतात. एकदा मूळ व्हिडिओ सापडला की त्यावरचं जपानी लिपीतलं नाव कॉपी करा आणि पुढचा सगळा शोध त्याच नावाने घ्या. लांबी बघा : दीड-दोन मिनिटं असेल तर सोडून द्या. कलाकारांच्या स्वतःच्या चॅनेलवरही कधीकधी ‘शॉर्ट व्हर्जन’च असतं.

नेटवर्कचा हिशोब सोपा आहे. १२८ केबीपीएसचं ऑडिओ मिनिटाला साधारण १ एमबी घेतं, म्हणजे पाच मिनिटांचं गाणं ५ एमबीत येतं. व्हिडिओला याच्या कितीतरी पट लागतात आणि त्यातलं चित्र आपल्या कामाचं नसतं. ज्या अ‍ॅपमध्ये डाउनलोडची सोय आहे, त्यात पहाटे पाच-सहाच्या सुमारास, गाव उठायच्या आधी, ऑडिओ उतरवून घ्या. त्याच वेळी भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये जपानी भाषेचा ऑफलाइन संचही घेऊन ठेवा. मग दिवसभर लाइट नसली, रेंज नसली तरी काम अडत नाही.

कुठल्या गाण्यापासून सुरुवात करायची

पन्नास गाण्यांची प्लेलिस्ट करू नका. एक गाणं घ्या आणि आठवडाभर तेच ठेवा.

पहिलं गाणं म्हणून मुराशिता कोझो यांचं १९८३ सालचं ‘हात्सुकोई’, म्हणजे पहिलं प्रेम, याहून चांगलं काही नाही. शाळा सुटलीय, मैदानावर ती धावतेय आणि तो लांबून तिला शोधतोय. गाण्यात एवढंच घडतं. शब्द सुटे-सुटे ऐकू येतात, गायकाचा आवाज वाद्यांच्या पुढे आहे. चाळीस वर्षं जुनं आहे म्हणून पोरं नाक मुरडतात, पण जिल्हा परिषदेच्या शाळेचं मैदान आणि फाटकाशी उभं राहिलेलं पोरगं ज्याने पाहिलंय, त्याला हे गाणं समजावून सांगावं लागत नाही.

दुसरं ‘नात्सु मात्सुरी’, उन्हाळ्यातली जत्रा. मूळ १९९० साली जित्तेरिन-जिन या बँडचं. २००० साली व्हाइटबेरी या शाळकरी मुलींच्या बँडने ते पुन्हा गायलं आणि आज बहुतेकांना तेच माहीत असतं. त्यात ती लहान पोरासारखी जत्रेत जाळीने सोनेरी मासे पकडायला बसते, तिची बाही भिजते, फुलबाजी पेटते. आणि आवडतेस हे सांगायचं राहून जातं. गती जलद आहे, पण शब्द सोपे आहेत आणि परत-परत येतात.

तिसरं, सुपरसेल या गटाचं ‘किमि नो शिरानाई मोनोगातारी’, तुला माहीत नसलेली गोष्ट (२००९). रात्री मित्रमैत्रिणी तारे बघायला जातात, तो तिला आकाशातला एक त्रिकोण दाखवतो आणि ती त्याच्या शेजारी असूनही गप्प राहते. हे साडेपाच मिनिटांहून लांब आहे आणि टीव्हीवरच्या रूपात याचं सगळ्यात जास्त नुकसान होतं.

त्यानंतर बॅक नंबर या बँडचं ‘ताकाने नो हानाको-सान’ (२०१३) : तिच्या लेखी आपण फक्त मित्राचा मित्र, हे ठाऊक असलेला पोरगा. सगळ्यात शेवटी ऑफिशियल हिगे दान्दिझम या बँडचं ‘प्रिटेंडर’ (२०१९). हे शेवटी ठेवायचं कारण असं की त्याचे सूर फार वर जातात आणि एका ओळीत शब्द ठासून भरलेत.

हात्सुने मिकूचं ‘मेल्ट’ (२००७) किंवा हनीवर्क्स या गटाची शाळकरी प्रेमाची गाणी जरूर ऐका, पण गायला शिकताना ती धरू नका. ‘मेल्ट’सारख्या गाण्यात आवाज संगणकाचा असतो. संगणक श्वास घेत नाही, त्यामुळे ओळीत श्वास कुठे घ्यायचा हे तुम्हाला कळत नाही आणि तिसऱ्या ओळीला दम लागतो.

ऐकण्याची पद्धत

पहिल्यांदा शब्दांकडे लक्ष न देता फक्त भाग मोजा. जपानी गाण्याची बांधणी बहुधा ठरलेली असते : आधी ‘ए-मेलो’ (हकीकत, खालच्या सुरात), मग ‘बी-मेलो’ (चढण), मग ‘साबि’. साबि म्हणजे आपल्या भजनातल्या धृपदाची जागा, जिथे सगळे मिळून उचलतात. असे दोन फेरे झाले की एक वेगळाच भाग येतो, ‘सी-मेलो’. आणि शेवटच्या साबिच्या आधी पुष्कळदा वाद्यं थांबतात आणि आवाज जवळजवळ एकटा उरतो. त्याला ‘ओचि-साबि’ म्हणतात. एकतर्फी प्रेमाच्या गाण्यातली खरी गोष्ट सी-मेलो आणि ओचि-साबि या दोन जागी असते. वहीत मिनिट-सेकंद लिहून ठेवा : कुठे काय सुरू झालं. पुढचं सगळं काम या खुणांवर चालतं.

दुसऱ्यांदा ऐकताना ओळखीचे शब्द टिपा. हे पाठ असले तर अर्धं गाणं हाताशी येतं : काताओमोई (एकतर्फी प्रेम), कोई (ओढ, नुकतं लागलेलं प्रेम), सुकि (आवडणं), किमि (तू), बोकु आणि वाताशि (मी), कोकुहाकु (प्रेम बोलून दाखवणं), इएनाई (सांगता येत नाही), आइताई (भेटावंसं वाटतं), सेत्सुनाई (जीव कळवळतो तसं), योकोगाओ (एका बाजूने दिसणारा चेहरा), तोनारि (शेजारी), नामिदा (आसू), युमे (स्वप्न). योकोगाओ हा शब्द या गाण्यांत वारंवार येतो आणि त्याचं कारण साधं आहे : ज्याच्यावर जीव आहे त्याच्याकडे समोरून बघायची हिंमत नसते, शेजारून बघितलं जातं.

‘शित्सुरेन’, म्हणजे प्रेमभंग, हा वेगळा प्रकार. तिथे दोघं एकत्र होते आणि तुटलं, किंवा विचारलं आणि नकार आला. यादी करताना हे दोन मिसळू नका. ‘दुःखी जपानी गाणी’ अशा नावाच्या प्लेलिस्टमध्ये दोन्हींची खिचडी असते.

तिसरं ऐकणं जपानी शब्द समोर ठेवून. त्याआधी तिथल्या शाळेचं वेळापत्रक माहीत हवं, नाहीतर ओळी अधांतरी राहतात.

तिथली शाळा, तिथले महिने

जपानी शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि मार्चमध्ये संपतं. निरोप समारंभ मार्चमध्ये, नवीन वर्ग एप्रिलमध्ये, आणि तोक्योकडे साकुराचा, म्हणजे चेरीच्या फुलांचा बहर नेमका या दोघांच्या मध्ये. म्हणून गाण्यात साकुरा आला की समजायचं, कुणीतरी कुणापासून दूर चाललंय. आपल्याकडे तेव्हा पळस फुलून झडत आलेला असतो आणि दहावीचे पेपर चालू असतात. ऋतू तोच आहे, फक्त फूल वेगळं.

निरोपाच्या दिवशी पोराच्या गणवेशाचं दुसरं बटण मागायची रीत आहे, कारण ते काळजाच्या जवळचं. १४ फेब्रुवारीला तिथे मुली मुलांना चॉकलेट देतात आणि मुलांनी परतफेड करायची ती १४ मार्चला. गाण्यात ‘दिलं नाही, दप्तरातच राहिलं’ असं काही आलं तर ते बहुधा हेच चॉकलेट. चपलांचं कपाट येतं, कारण शाळेत शिरताना प्रत्येक जण आपल्या कप्प्यात बूट ठेवतो आणि चिठ्ठी ठेवायला ती सोयीची जागा. छत्रीखाली दोन नावं लिहिलेलं चित्र म्हणजे आपल्या बाकावरचं बाण मारलेलं बदाम.

पाऊस मात्र जपून समजून घ्या. आपल्याकडे जूनचा पाऊस म्हणजे सुटका; पेरणीची घाई, तापलेल्या मातीचा वास. तिथला जून-जुलैचा ‘त्सुयु’ म्हणजे दिवसच्या दिवस रिपरिप, दमट, कोंदट. गाण्यात तो अडकून पडल्याची खूण असतो. आणि उन्हाळा अगदी उलट : आपला मे महिना अंगाची लाही करणारा, तिथला उन्हाळा सुटीचा, फटाक्यांच्या आतषबाजीचा, युकाता, म्हणजे पातळ सुती किमोनो, घालून जत्रेला जायचा.

सुपरसेलच्या गाण्यातला त्रिकोण आपल्या आकाशातही आहे, आणि गावातून शहरापेक्षा कितीतरी चांगला दिसतो. तीन तारे : अभिजित, श्रवण आणि हंस तारकासमूहातला डेनेब. जपानी कथेत अभिजित म्हणजे विणकर राजकन्या ओरिहिमे, श्रवण म्हणजे गुराखी हिकोबोशि, मध्ये आकाशगंगा. दोघांची भेट वर्षातून एकदा, ७ जुलैच्या रात्री. ७ जुलैला विदर्भात ढग असतात, तेव्हा त्या दिवशी शोधायचा खटाटोप नको. ऑक्टोबरच्या मध्यात संध्याकाळी सातच्या सुमारास हा त्रिकोण जवळपास डोक्यावर असतो. अमावास्येच्या आसपासचा दिवस निवडा. नाहीतर मे महिन्यात गच्चीवर झोपता तेव्हा मध्यरात्रीनंतर पूर्वेकडे बघा. गाण्यात तिला ओरिहिमे सापडते, हिकोबोशि सापडत नाही. हे आकाशात स्वतः शोधल्यावर ती ओळ जशी लागते, तशी भाषांतर वाचून लागत नाही.

देवनागरीत लिहून काढा

रोमन अक्षरांत लिहिलेले बोल सहज मिळतात आणि तिथेच उच्चार बिघडतो. ‘ओ-यू’ दिसलं की आपण ‘औ’ म्हणतो, ‘ई-आय’ दिसलं की ‘ऐ’. बहुतेक ठिकाणी ते नुसते लांब ‘ओ’ आणि लांब ‘ए’ असतात. त्यापेक्षा गाणं देवनागरीत उतरवा. मराठी माणसाला यात मोठा फायदा आहे, तो असा.

जपानी ‘त्सु’चा उच्चार आपल्या ‘चूल’ मधला च आहे. हिंदी बोलणाऱ्याला तो शिकावा लागतो, आपल्या तोंडात तो जन्मापासून आहे. ‘चि’ मात्र ‘चिंच’ मधला. तसंच ‘झु’ म्हणजे ‘जुना’ मधला ज आणि ‘जि’ म्हणजे ‘जीव’ मधला. वहीत त्सु लिहा, वाचताना चूल आठवा. ‘फु’ला ओठ चावायचा नाही आणि आपला जोरकस फही नको, दिवा विझवताना जशी हळू फुंकर मारतो तसा. शेवटचा न् आपल्या अनुस्वारासारखा वागतो : प-बच्या आधी म्, त-दच्या आधी न्, क-गच्या आधी ङ्. ‘संप, संत, संघ’ म्हणता येतं ना, मग झालं.

जिथे चुकतं ते आता. जपानी अ हा आखूड आ आहे. तुम्ही ‘सकुर’ लिहिलं तर शेवटचा स्वर आपल्या सवयीने गिळला जातो. म्हणून ‘साकुरा’ असंच लिहा, पण आ लांबवू नका. लांब स्वर दाखवायला पुढे आडवी रेघ काढा. ‘युकि’ म्हणजे बर्फ आणि ‘यु–कि’ म्हणजे धाडस. या गाण्यांत धाडस पावलोपावली लागतं आणि रेघ विसरली की तुम्ही बर्फ गाता. जोडाक्षर आलं, जसं ‘दात्ता’, तर पहिल्या त् ला पूर्ण एक मात्रा द्यायची.

मात्रा मोजणं हा सगळ्याचा पाया. ‘किमि गा सुकि दात्ता’ हे घ्या. टाळी वाजवत म्हणा : कि, मि, गा, सु, कि, दा, त्, ता. आठ टाळ्या, सगळ्या सारख्या. सहा-सात आल्या तर बहुधा त् गिळला गेलाय. बोलताना ‘सुकि’ चा उ जवळपास ऐकूच येत नाही, ‘स्कि’ होतं. गाताना मात्र त्याच्यावर सूर ठेवलेला असेल तर तो पूर्ण म्हणायचा. मूळ गायक काय करतो ते ऐकून ठरवा. आणि लिपीत ‘हा’ लिहिलेला प्रत्यय ‘वा’ म्हणतात, ‘वो’ लिहिलेला ‘ओ’.

हिरागाना या जपानी लिपीची मूळ अक्षरं ४६ आहेत. रोज पाच घेतली तर दहा दिवसांत होतात, आणि मग रोमन अक्षरांची गरजच संपते. एनएचके वर्ल्ड या जपानी प्रसारण संस्थेचे जपानीचे सोपे धडे हिंदीतूनही आहेत, ते सोबत चालू ठेवले तर व्याकरणही हळूहळू येतं.

अर्थ लावताना

यंत्राचं भाषांतर इथे सगळ्यात जास्त फसवतं. कारण जपानी वाक्यात कर्ता गाळतात. ‘इएनाकात्ता’ एवढाच शब्द असतो : सांगता आलं नाही. कुणाला, कोण, काही नाही. यंत्र अंदाजाने कधी ‘मी’ घालतं, कधी ‘तू’, आणि मग तो तिला सांगत नाही की ती त्याला, याचा गोंधळ होतो. तीन-चार ओळींत एकच माणूस एकदा मी, एकदा तू झालेला दिसला तर भाषांतर बाजूला ठेवा आणि मूळ शब्द एकेक करून बघा.

मराठीत उतरवताना दुसरी अडचण आपली स्वतःची. आपलं क्रियापद पोरगा की पोरगी ते लगेच सांगून टाकतं; जपानी सांगत नाही. ‘बोकु’ हा पोरांचा मी, पण गाण्यात मुलीही तो वापरतात, तेव्हा त्यावरून ठरवू नका. त्यापेक्षा अशी रचना घ्या जिच्यात लिंग दिसत नाही. ‘तू मला आवडायचीस’ लिहिण्याऐवजी ‘तुझ्यावर जीव होता’ लिहा. कुणीही कुणाला म्हणू शकतं. आणि अक्षरं मोजा : तु, झ्या, व, र, जी, व, हो, ता. आठ. लहान अभंगाच्या चरणाला आठच अक्षरं लागतात, आणि वरच्या जपानी ओळीलाही आठच मात्रा होत्या. ज्यांचा कान खंजिरीच्या भजनावर तयार झालाय, त्यांनी भाषांतर असं अक्षरं मोजून करून बघावं, चालीवर बसतं. ‘राहून गेलं’, ‘ओठांवर आलं नाही’, ‘सांगता आलं नाही’ या रचना हाताशी ठेवा, फार कामी येतात.

एक गोष्ट इथे स्पष्ट लिहायला हवी. आपल्या पेपरात ‘एकतर्फी प्रेमातून’ हे शब्द येतात तेव्हा पुढची बातमी वाचवत नाही. या गाण्यांमधलं प्रेम त्या जातीचं नाही. तिथे माणूस गप्प राहतो, किंवा एकदा विचारतो आणि नाही आलं तर बाजूला होतो. गाणं त्या बाजूला होण्याचंच असतं. गाणं कुणाचं नाव जोडून स्टेटसला टाकू नका. तीनशे घरांच्या गावात ते कुणासाठी आहे हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं, आणि बोल ऐकावे लागतात ते तिला.

पेटीवर काढायचं असेल तर

घरी किंवा देवळात पेटी असेल तर चाल शिकायला दुसरं काही नको. जुन्या वळणाची कितीतरी जपानी गाणी ‘योनानुकि’ सप्तकात असतात : चौथा आणि सातवा सूर वगळलेले. उरतात सा रे ग प ध. म्हणजे भूप. त्या चालींवर हात लगेच बसतो.

नवीन गाण्यांत स्वरमेळांची (कॉर्डची) एक ओळ इतक्या वेळा येते की जपानी वादक तिला ‘राजमार्ग’ म्हणतात. पांढरी एक सा धरून चार मेळ असे : म-ध-सां, मग प-नि-रें, मग ग-प-नि, मग ध-सां-गं. प्रत्येक चार मात्रा धरा आणि परत पहिल्यावर या. वाजवून बघितलं की लक्षात येईल : या फेऱ्यात सा-ग-प हा घरचा मेळ येतच नाही. सुरुवात घराबाहेर, शेवटही घराबाहेर. गाणं सतत कुठेतरी पोहोचायला निघालंय आणि पोहोचत नाही असं वाटतं ते यामुळे, आणि एकतर्फी प्रेमाला हा फेरा इतका शोभतो तोही यामुळेच.

शेवटच्या साबिला पुष्कळ गाणी अर्धी किंवा एक पट्टी वर चढतात. काळी एक मध्ये चाललेलं गाणं अचानक पांढरी दोन मध्ये जातं. पेटीवर साथ करणाऱ्याला हे आधी सांगितलं नाही तर तो जुन्याच पट्टीत राहतो आणि सगळं बेसूर होतं. वहीतल्या खुणांमध्ये ही जागा लाल पेनाने करा.

स्नेहसंमेलनात म्हणताना

पट्टी आधी ठरवा, गाणं मग. जपानी पॉप मूळ पट्टीत बहुतेकांना जमत नाही. साबिमधला सगळ्यात वरचा सूर पेटीवर शोधा. तो न ओरडता तीनदा लागला पाहिजे. नाही लागला तर अर्ध्या-अर्ध्या पट्टीने खाली या, दोन ते चार पायऱ्यांत जागा सापडते. पण खाली येताना ए-मेलोचा सगळ्यात खालचा सूर आवाजातून निसटत नाही ना हेही बघा. दोन्ही टोकं बसत नसतील तर ते गाणं तुमच्या आवाजाचं नाही, दुसरं घ्या.

वाद्यांचा ट्रॅक शोधताना जपानी नावापुढे ‘ऑफ व्होकल’ किंवा ‘कराओके’ जोडा. ट्रॅकची पट्टी बदलणाऱ्या अ‍ॅपमध्ये तो उतरवा आणि बदललेली फाइल फोनमध्येच साठवा. कार्यक्रमाच्या दिवशी रेंजवर विसंबू नका. फोन विमान मोडवर टाका, नाहीतर ओचि-साबिला आवाज एकटा असताना नेमका कुणाचा तरी फोन येतो.

वेळ पाच मिनिटं मिळत नसेल तर पहिला फेरा आणि शेवटचा भाग ठेवा, मधला फेरा काढा. उलटं करू नका. गाण्याआधी दोन वाक्यांत मराठीत गोष्ट सांगा : कोण, कुठे, काय सांगायचं राहिलं. समोर बसलेल्यांना एकही शब्द कळत नसतो, पण एवढं सांगितलं की ओचि-साबिला सगळे ऐकू लागतात. माइक तोंडापासून चार बोटं लांब धरा आणि त्या जागी आणखी जवळ आणा. मंडपाच्या साउंडवाल्याला तिथे इको कमी करायला आधीच सांगून ठेवा, कारण त्याने इको वाढवला की जोडाक्षरातला तो एका मात्रेचा थांबा भरून जातो आणि शब्दच बदलतो.